तांदळाच्या डब्यात संत्रे

ऑक्टोबर संपता संपता मी पुण्याला धाकट्या बहिणीकडे संत्र्यांचं खोकं पाठवलं. आमच्याकडे ट्रॅव्हल्सच्या बसमधून असं काहीबाही पाठवायची पद्धतच आहे, क्लीनरच्या हातावर पैसे टेकवायचे, बसचा नंबर व्हॉट्सॅपवर टाकायचा आणि तिकडच्या माणसानं सकाळी डोळे चोळत जाऊन खोकं उतरवून घ्यायचं. संत्रे मामाच्या बागेतले, आंबियाचे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचे, वरून हिरवेगार आणि कुठंकुठं देठापाशी जराशी पिवळट झाक. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, मिळालं गं खोकं. पण कच्चे आहेत ना सगळे? मी तांदळाच्या डब्यात घालून ठेवलेत, होतील आठवडाभरात." माझी भाजी फोडणीला होती, मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. पण नंतर पोळ्या लाटताना, ओटा पुसताना, रात्री गादीवर पडल्यावरसुद्धा ते वाक्य डोक्यातून जाईना. तांदळाच्या डब्यात. संत्रे.

शेजारच्या फ्लॅटमधल्या, लखनौहून आलेल्या भाभींनी असं केलं असतं तर मी हसले असते आणि विसरले असते. पण ही नागपूरच्या महाल भागात जन्मलेली पोरगी, काटोलला मामाची बाग, लहानपणी ताप आला तरी उशाशी संत्रा, शाळेच्या डब्यात संत्रा, दुपारी गच्चीवर वाळणाऱ्या पापडांची राखण करताना हातात संत्रा. तिला हे माहीत नसावं? का माहीत होतं आणि पुण्यात राहून राहून पुसलं गेलं? तिथं हापूसच्या पेट्या घरात येतात, त्या उघडायच्या, चाचपायच्या, कच्चे खाली आणि पिकलेले वर असं करत बसायचं, मग हाताला सवयच लागते की फळ म्हटलं की ते घरात आणून पिकवायचं असतं.

आणि आंब्याच्या बाबतीत ते खरंच आहे. आजीकडे गावरान आंबे उतरवले की मागच्या खोलीत तणसावर ते पसरायचे, वर परत तणीस, मग आंबे, मग तणीस, आणि खोलीचं दार लोटून घ्यायचं. पाड लागलेला एखादा आंबा झाडाखाली सापडला की आजी म्हणायची, आता उतरवायला हरकत नाही. तोडताना तो आंबा दगडासारखा असतो, आत भरपूर स्टार्च. मग तो स्वतःच एक वायू सोडतो, इथिलीन, आणि त्या वायूनं त्याचं आणि शेजारच्याचंही पिकणं सुरू होतं, स्टार्चची साखर व्हायला लागते, गर सुटतो, वास येतो. तणीस काय किंवा तांदूळ काय, तो वायू आणि ऊब कोंडून ठेवायचं काम करतात, बाकी जादू काही नाही. केळी, पपई, चिकू, सीताफळ सगळे याच घराण्यातले. (व्यापाऱ्यांना तणसाएवढाही धीर नसतो म्हणून ते कार्बाईडच्या पुड्या ठेवायचे, त्याला बंदी आहे, तरी उन्हाळा आला की बातमी येतेच.) तर त्या मागच्या खोलीचं दार उघडल्यावर जो वास अंगावर यायचा तो मला अजून कुठं मिळालेला नाही. गोड, उबट, थोडा आंबूस, आणि त्यात वाळक्या तणसाचा कोरडा वास.

संत्र्याला हे काही लागू होत नाही.

संत्रा, मोसंबी, लिंबू, द्राक्षं, डाळिंब, अननस, लिची ही मंडळी झाडावर असताना जे काय व्हायचं ते होऊन घेतात. तोडला की विषय संपला. संत्र्याच्या आत स्टार्चचा साठाच नसतो, मग साखर बनणार कशाची? जी साखर आहे ती पानांनी तयार करून देठातून पाठवलेली, देठ तुटला की ती आवक बंद. घरात आठवडाभर पडून राहिला तर आंबटपणा किंचित उतरतो, पाणी उडून साल जराशी मऊ पडते, त्यामुळं जिभेला वाटतं की गोड झाला, आणि मग लोक म्हणतात पाहा, ठेवल्यावर पिकला. पिकला नाही, सुकायला लागला.

मी हे सगळं तिला फोनवर सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण खरी गंमत वेगळीच होती. ते संत्रे हिरवे होते म्हणून कच्चे नव्हते, पण ते थोडे कच्चे होतेच. मी त्यातलाच एक सोलून खाल्ला होता. रस भरपूर, वास झकास, पण घशाशी आंबटाची एक धार. अजून तीन-चार आठवडे झाडावर राहिले असते तर ती धार गेली असती. म्हणजे बहिणीची जीभ बरोबर आणि उपाय चूक. आणि मग मला वाटायला लागलं की हा संत्रा कधी तोडायचा हे नक्की कोण ठरवतं, कारण आंब्यात चूक झाली तर तणीस सांभाळून घेतं, इथं तशी सोयच नाही.

मामाच्या बागेत आम्ही जायचो ते बहुतेक नाताळच्या सुट्टीत. त्या दिवसांत बागेतली आंबियाची तोड झालेली असायची आणि मामानं झाडांचं पाणी तोडलेलं असायचं. त्याला ताण देणं म्हणतात. आपल्या काळ्या भारी जमिनीत महिना-दीड महिना पाणी बंद. पानं मलूल व्हायची, कडेनं वळायची, काही पिवळी पडून गळायची. मला ते बघवायचं नाही. विहिरीत पाणी दिसतंय, मोटर आहे, आणि झाडं अशी उभी. एकदा मी बादलीनं एका झाडाच्या आळ्यात पाणी ओतायला निघाले तेव्हा मामानं बादली हातातून घेतली आणि म्हणाला, "कायले जीव टाकतं पोरी? झाडाले तहान लागल्याबिगर ते फुलत नाई. पाणी देत राह्यलं तं नुसते पानंच काढते." नंतर कळलं की हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. पाण्याचा ताण आणि थंडी दोन्हींनी झाडाची वाढ थांबते, नवी पालवी निघत नाही, पानांनी केलेलं अन्न खर्च न होता फांद्यांमध्ये साठत जातं, आणि मग पाणी सोडलं की झाड एकदम कळ्यांवर येतं. मृगाच्या बहाराला हाच ताण उन्हाळ्यात देतात आणि पाणी द्यायचं काम पावसाकडं. झाड तेच. बागायतदार ठरवतो यंदा कुठला बहार घ्यायचा, आणि विहीर ठरवते की बागायतदारानं काय ठरवायचं.

पाणी सोडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत जो फुलोरा येतो त्याबद्दल काय लिहू. मला तो एकदाच धड पाहायला मिळाला, मामेबहिणीच्या लग्नाच्या वेळी. सकाळी बागेत गेलं तर वास इतका दाट की दात घासल्याची चव तोंडातून जावी. पांढरी, जाडसर पाकळ्यांची छोटी फुलं, मधमाशांचा एकसारखा आवाज, आणि जमिनीवर पाकळ्यांचा सडा. लग्नाला आलेले मुंबईचे पाहुणे त्या सड्याचे फोटो काढत होते आणि मामाची नजर वर होती, कारण फुलं कितीही आली तरी शंभरातली मोजकीच फळापर्यंत पोचतात. फूल गळतं, मग हरभऱ्याएवढी गुंडी होते ती गळते, मग बोराएवढी झाली की ती गळते. मे महिन्यात काटोलकडं पारा ४५ च्या वर गेला की झाड सरळ ओझं टाकून देतं. पाऊस लागला, मुळाशी पाणी साचलं की आणखी गळ. फळगळ हा शब्द मामाच्या तोंडी मी माझ्या आजीच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल.

एप्रिल-मेमधली ती गुंडी मी एकदा ब्लेडनं आडवी कापून पाहिली होती. बाहेर गर्द हिरवी कड, त्यात टाचणीच्या टोकाएवढे तेलाचे ठिपके अगदी दाटीनं, मग पांढरा मऊ थर, आणि मध्यभागी फोडींचं एक इवलंसं चक्र, दहा-अकरा कप्पे, त्यात रस नावालाही नाही. सगळी सालच. संत्रा आधी साल वाढवतो. सुरवातीचे काही आठवडे नुसत्या पेशी वाढत राहतात आणि त्यातल्या बहुतेक सालीच्या. रसाचं नंतर. आणि रस जिथं भरतो त्या ज्या थेंबासारख्या बारीक पिशव्या आपण फोडीत पाहतो ना, ते मुळात केस असतात. खरंच. प्रत्येक कप्प्याच्या आतल्या भिंतीला, फूल उमलतं त्या सुमारालाच, सूक्ष्म उंचवटे येतात, ते आतल्या दिशेनं वाढत जातात, त्यांचं टोक फुगतं आणि रसानं भरतं, आणि शेवटी कप्प्यात जागाच उरत नाही. आपण संत्र्याची फोड चावतो तेव्हा रसानं टम्म झालेले केस चावत असतो. हे वाचल्यावर मी दोन दिवस संत्रा खाताना जरा बिचकत होते, मग सवय झाली.

पाऊस आला की दुसरा अंक. जुलै ते सप्टेंबर फळ फुगतं. नव्या पेशी फारशा होत नाहीत, आहेत त्याच पाणी घेऊन मोठ्या होतात. साल ताणली जाते, पातळ होते, ते दाटीनं असलेले तेलाचे ठिपके एकमेकांपासून लांब सरकतात. फांद्या इतक्या वाकतात की बांबूचे टेकू द्यावे लागतात. या दिवसांत तोडून खाल्लं तर चेहरा पार आक्रसून जाईल असा आंबट. आणि नेमकं गणपतीच्या सुमारास, फळात थोडा गोडवा उतरायला लागला की रात्रीचे पतंग येतात. हे पतंग भलतेच दांडगे, त्यांची सोंड फळाच्या सालीत आरपार घुसते, सुईनं टोचल्यासारखं एक भोक दिसतं, दोन दिवसांत त्याभोवती मऊ चकती होते आणि फळ खाली. मामा संध्याकाळी बागेत ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा. त्या पतंगाच्या अळ्या संत्र्यावर नसतातच, त्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून बागेच्या धुऱ्यावरची गुळवेल उपटून टाका असं सांगतात. कोरोनात आख्खं नागपूर गुळवेलीचा काढा पीत होतं तेव्हा मामा फोनवर म्हणाला, "माह्याकडून घेऊन जा ना, गाडीभर देतो."

मग येतो तो काळ ज्यावर सगळं भांडण आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर. फळाचा आकार आता फारसा वाढत नाही. आत साखर हळूहळू चढते, आंबटपणा हळूहळू उतरतो, आणि या दोघांचं प्रमाण जमलं की तो आपला नागपुरी संत्रा, नुसता गोड नाही, त्याला ती किंचित आंबट कड पाहिजेच, तीच गेली तर मग मोसंबी खा. पण हे आतलं जमणं आणि बाहेरचा रंग यांची घड्याळं वेगवेगळी आहेत. रंग थंडीवर चालतो. रात्री गार पडायला लागल्या, पारा १३ अंशांच्या आसपास उतरायला लागला की सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि नारिंगी रंग वर येतो. थंडी उशिरा आली तर फळ आत तयार होऊन बसलं तरी वर हिरवंच. थायलंड-व्हिएतनामसारख्या देशात जिथं रात्री कधी गार होतच नाहीत तिथं लोक हिरवेच संत्रे विकतात, हिरवेच खातात, कोणी तांदळात घालत नाही. आपल्याकडे मृगाचे संत्रे पूर्ण हिवाळा झाडावर काढून फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणून ते असे भगवे झालेले असतात, आणि बाहेरगावच्या लोकांच्या डोळ्यांपुढे नागपूरचा संत्रा म्हणून जे चित्र असतं ते या मृगाच्या फळाचं. आंबियाचा बिचारा त्याच्यापुढं सावत्र भाऊ.

मला स्वतःला आंबियाचाच आवडतो. हे थोडं सवयीचंही असेल. हिरव्या संत्र्याची साल नखानं उचकटली की जो फवारा उडतो तो जास्त तिखट असतो, नाकात जातो, डोळ्यांत पाणी. लोडशेडिंगच्या काळात आम्ही दोघी मेणबत्तीसमोर बसून साली दुमडून तो फवारा ज्योतीवर मारायचो, तडतड करून ठिणग्यांची फुलबाजी उडायची, आई ओरडायची, आम्ही परत करायचो. बहीण त्यात तरबेज होती. सालीचा कोणता तुकडा घ्यायचा, किती वाकवायचा, किती अंतरावरून. आणि एकमेकींच्या डोळ्यांत मारायचं ते वेगळंच. बिया आम्ही दातानं फोडायचो. संत्र्याची बी सोलली की आतला गर हिरवा निघतो, पिस्त्यासारखा, हे पुण्यातल्या किती जणांना माहीत आहे? तिला माहीत होतं. म्हणून तर ते तांदळाचं मला इतकं लागलं असणार.

तिला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी होती. लहानपणी तिला रंग आलेलाच संत्रा पाहिजे असायचा, हिरवा दिला की तोंड फिरवायची. मामाचा तिच्यावर जीव. एका वर्षी त्यानं विहिरीजवळच्या झाडाचे आंबियाचे संत्रे तोडलेच नाहीत, छोटीसाठी राखून ठेवले, संक्रांतीपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा ते झाड म्हणजे नुसतं लखलख. इतका गडद रंग. तिनं पहिला तोडला तर साल हातात आली, आपोआप, आत फोडी आक्रसलेल्या, साल आणि फोडी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी पोकळी. काही फोडी कोरड्या, केस केस सुटलेल्या, चोथा. चव पाण्यासारखी. झाडावर जास्त दिवस राहिला की नागपुरी संत्र्याचं हे असंच होतं, साल वाढत राहते, आतलं थांबलेलं असतं, मग ते दोघं एकमेकांपासून सुटतात. ती रडली नाही, पण तिनं त्यातले चार-पाच खाल्ले, मामाला वाईट वाटू नये म्हणून. मामाला सगळं दिसत होतं. त्यानं पुढच्या वर्षीपासून झाड राखलं नाही.

म्हणजे अलीकडं आंबट, पलीकडं पाणचट, आणि मधे काही आठवड्यांची फट. त्या फटीत तोड व्हायला पाहिजे, आणि झाडावरचा रंग काही तिची खबर देत नाही. बरं, तोड काय चवीसाठी होत नाही. यंदा ऑक्टोबरातच का तोडला असं मी मामाला विचारलं तर त्यानं जी कारणं सांगितली त्यात चव कुठंच नव्हती. दिवाळी तोंडावर होती आणि कृषी केंद्राची उधारी होती. पतंगानं रोज टोपलीभर फळ खाली पडत होतं. व्यापाऱ्याची गाडी वरूडकडून येताना अर्धी रिकामी होती, तो म्हणाला आत्ता देत असाल तर बोला. नंतर सगळ्यांच्याच बागा एकदम तुटतात आणि कळमन्याच्या बाजारात भाव बसतो. पूर्वी बांगलादेशात इतका माल जायचा की तोडीच्या दिवसांत भाव धरून राहायचा, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं तसं ते गिऱ्हाईक आटलं. आणि शेवटचं म्हणजे, झाडावर जितके दिवस फळ तितके दिवस झाडाला पाणी, आणि विहीर पहिल्यासारखी राहिली नाही. बागेचा मागचा तुकडा एका कडक उन्हाळ्यात वाळला तेव्हा मामानं ती झाडं तोडली, वीस-बावीस वर्षांची झाडं, आणि तिथं कपाशी लावली. मला फोनवर सांगताना आवाज अगदी सपाट. मीच इकडं आवंढे गिळत बसले. "थांबलो असतो तं रंग आला असता," तो म्हणाला, "पैसा नसता आला."

या सगळ्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. एका बाजूनं राग येतो की नागपूर म्हटलं की संत्रा, स्टेशनच्या एका बाजूला संत्रा मार्केट, चौकात सिमेंटचा संत्रा, पाहुण्याला संत्रा बर्फी, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी म्हणे औरंगाबादहून रोपं आणून राजवाड्याच्या परसात लावली तिथपासूनचं कौतुक, २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक, अमरावती रोडला १९८५ पासून संत्रा-मोसंबीवरचं केंद्र सरकारचं संशोधन केंद्र आहे त्याचं कौतुक, आणि एवढं सगळं असून खुद्द संत्रा मात्र कधी तोडावा हे उधारी आणि अर्धी रिकामी गाडी ठरवणार. दुसऱ्या बाजूनं, मी तरी काय करते? ठेल्यावर जाते, हिरवा ढीग आणि नारिंगी ढीग शेजारी शेजारी असतात, नारिंगीचा भाव जास्त, आणि मला सगळं माहीत असूनसुद्धा पाहुणे येणार असले की मी नारिंगीच घेते, कारण ते ताटात शोभतात. त्यातले काही तर पॅकहाऊसमध्ये इथिलीनच्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवून रंगवलेले असतात. तोच आंब्याचा वायू, पण इथं तो फक्त सालीतला हिरवा रंग मोडतो, आत एक कणभर साखर वाढत नाही. त्यात बेकायदेशीर काही नाही, आरोग्यालाही काही नाही, वरून मेणाचा हात फिरवला की चकाकी येते. गिऱ्हाइकाला रंग पाहिजे, रंग मिळतो. विकणारा त्यात खोटं एक अक्षर बोललेला नसतो.

बहिणीला मी शेवटी चार दिवसांनी फोन केला. तिनं ते तोवर तांदळातून काढून, पिळून, मीठ-साखर घालून रस केला होता, मुलांनी प्यायला, प्रश्न मिटला. मी विहिरीजवळच्या झाडाची आठवण काढली. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "ते मी मामासाठी खाल्ले होते हे तुला कळलं होतं?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नोव्हेंबरात मी काटोलला गेले, उरलेल्या दोन-तीन ओळींची तोड होती. मामेभावानं आता एक रिफ्रॅक्टोमीटर घेतलाय, टॉर्चएवढं यंत्र, काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा, आत एक निळी-पांढरी रेघ दिसते, ती जिथं असेल तेवढी गोडी. अगदी नेमकं म्हटलं तर रसात विरघळलेला ऐवज, पण त्यात बहुतेक साखरच. व्यापारी आला तेव्हा यानं त्याच्यासमोर हिरव्या फळाचा थेंब टाकून दाखवला. साडेदहा. व्यापाऱ्यानं कौतुकानं पाहिलं, स्वतः एक संत्रा तोडला, सोलला, दोन फोडी खाल्ल्या, बिया थुंकल्या, मान डोलावली. मग म्हणाला, "भाऊ, तुमचं मीटर बरोबरच हाय. पण दिल्लीत गिऱ्हाईक मीटर घेऊन येत नाई. तो सालच पाह्यते." भाव सालीचाच झाला. मजुरांनी कॅरेट भरायला घेतले.

मामेभाऊ जरा पडल्या चेहऱ्यानं यंत्र पुसून डबीत ठेवत होता तर मामानं ते मागून घेतलं, डोळ्याला लावून उलटं-सुलटं करून पाहिलं आणि मला म्हणाला, "त्या पलीकडल्याच्या बागेतला एक घेऊन ये बरं, धुऱ्यावरच हाय." मी आणला. चांगला पिवळा झालेला, आमच्यापेक्षा कितीतरी देखणा. थेंब टाकला. नऊसुद्धा भरेना. मामानं ते दोनदा तपासलं, मग मजुरांना बोलावून दाखवलं, मग मामीला. रात्री जेवताना तो इतक्या खुशीत होता की भाव पडल्याचा विषय कोणी काढलाच नाही, आणि मामीनं त्या पलीकडल्याच्या संत्र्याची कोशिंबीर करून टाकली.